खसखशीएवढे ठिपके

मी एक जुना बीपीचा पट्टा आहे. मित्रांनो, माझ्या कापडावर रक्ताचा एक काळपट डाग आहे, कितीही धुतला तरी न गेलेला. ज्यांच्या रक्ताचा तो आहे, त्या डॉक्टर चंद्रप्रभांची ही हकिगत.

कारखान्यातून मी थेट चाकूरजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात आलो. अकरा वर्षं माणसांच्या दंडांना मिठी मारली. डॉक्टरबाई मला रोज स्वतःच्या हाताने पुसून ठेवायच्या. नर्स दिपालीने मला कोंबून ठेवलं, तर रागवायच्या. तेव्हा मी हवा न भरताच फुगायचो.

गेल्या भादव्यात गावात तापाची साथ आली. श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याची बायको त्यात गेली. तिला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. आठच दिवसांनी, भर दुपारी, श्रीमंतचा थोरला भाऊ शेषेराव आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, वर्षाराणीला, उचलून घेऊन आला. मागे श्रीमंत आणि भावकीतले दहा-बारा जण.

"ताप उतरलाय, पण अंग लई दुखतंय म्हणती. अंगदुखीची एक सुई मारा, घरी नेतो," शेषेराव म्हणाला.

"ती सुई नाही द्यायची. ताप उतरल्यावरच खरा धोका असतो. मला डेंग्यूची शंका येतेय. पाच मिनिटं पट्टा बांधून बघते."

"पट्टे काय बांधत बसता, बाई?" श्रीमंत ओरडला. "माझी बायकू बी अशीच तपासता तपासता मेली!"

त्याने मला हिसकावून भिंतीवर आपटलं. कोणीतरी औषधांचं कपाट पालथं केलं. श्रीमंतने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि डॉक्टरबाईंच्या तोंडावर हाणला. त्या कोसळल्या. पडल्यावरही त्यांच्या पाठीत लाथा बसत होत्या.

"काका, नका मारू त्यांना!" वर्षाराणी बाकावरून उठली आणि तिथेच कोसळली.

श्रीमंतने पुन्हा स्टँड उगारला. शेषेरावने मध्ये हात घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "बस कर!" तो ओरडला. लाथा थांबल्या.

डॉक्टरबाई रांगत माझ्यापाशी आल्या. डावा डोळा रक्ताने भरला होता, ते रक्त माझ्यावर ठिबकत होतं. त्यांनी मला वर्षाराणीच्या दंडाला बांधलं आणि हवा भरली. मी पाच मिनिटं तिचा हात घट्ट आवळून धरला. सोडलं, तेव्हा कोपराखाली खसखस सांडावी तसे लाल ठिपके उमटले होते. डॉक्टरबाईंनी त्यावर पेनाने इंचभर चौकोन काढला.

"शेषेराव, मोजा."

"सव्वीस," तो पुटपुटला.

"दहाच्या वर म्हणजे नसांतून रक्त झिरपतंय. तुम्ही मागितलेल्या सुईने ते आणखी वाढलं असतं. दिपाली, गाडी बोलाव. लातूरला न्यायचं."

डॉक्टरबाईही त्याच गाडीतून गेल्या. तिथल्या रक्ततपासणीत डेंग्यूच निघाला. नवव्या दिवशी वर्षाराणी चालत घरी आली. श्रीमंत तुरुंगात गेला.

परवा शेषेराव दवाखान्याच्या दारात उभा होता. "बाई कवा येणार?"

"त्यांचा डोळा गेला," दिपाली म्हणाली. "त्या न्हाई येणार आता."

तो चप्पल न घालताच निघून गेला.

मित्रांनो, भीती वाटली तर रडा, ओरडा, दहा वेळा विचारा. पण तपासणाऱ्यावर हात उचलू नका. माझ्यासारखे पट्टे बाजारात शंभर मिळतात. ते बांधणारी बाई या गावाला अजून मिळालेली नाही.