खिडकीवरचा हात

मित्रांनो, मी एक जुना जायरोट्रॉन आहे. उंची माणसाएवढी, अंग तांब्या-पोलादाचे. तुमच्या घरी अन्न गरम करणाऱ्या पेटीत ज्या लहरी असतात, त्याच जातीच्या, पण शेकडो पटींनी जोरकस लहरी मी काढत असे. त्यांनी यंत्रात कोंडलेला वायू सूर्यासारखा तापवायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

रशियातल्या गोर्की शहरात, ओका नदीजवळच्या एका कार्यशाळेत मी घडलो. माझ्या पोटात हवेचा कणही चालत नाही. लहरी बाहेर पडायला बशीएवढी एकच चिनीमातीची खिडकी. ती कार्यशाळेतल्या जुन्या कारागीर अवगुस्ता मावशींनी बसवली. निवृत्तीआधीची त्यांची ती शेवटची खिडकी. मग इंजिनिअर रोदिओनने दोन महिने मला शिकवले. आधी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते पेटायचे, मग जरा जास्त. समोरच्या कागदावर मी गोल डाग जाळला की तो कागद भिंतीवर लागे.

"बघा मावशी, तुमच्या लेकराचं चित्र!"

"लेकरू तुझं रे. मी नुसती खिडकी लावली."

मॉस्कोच्या मोठ्या यंत्रावर आम्हाला एकच दिवस मिळाला होता. तो हुकला तर पुढची पाळी वर्षाने.

निघण्यापूर्वी आमच्याकडे सगळे मिनिटभर गप्प बसतात. तेव्हा कुणी बोलले तर प्रवास बिघडतो, असे मानतात. खुर्च्या कमी होत्या. रोदिओन माझ्या उघड्या खोक्याच्या कडेवर टेकला आणि त्याचा उघडा हात माझ्या खिडकीवर विसावला. नुकतीच त्याने पावाबरोबर हाताने हेरिंग, म्हणजे खारवलेली तेलकट मासळी, खाल्ली होती. मावशींनी ते पाहिले. त्यांचे ओठ हलले, पण मिनिट संपले नव्हते. मग एकदम गडबड, थट्टा, हातोडे. झाकण ठोकले गेले.

गाडी पूल ओलांडत असताना मावशी माझ्या खोक्याशेजारी ताठ झाल्या.

"रोद्या, गाडी परत फिरव. तुझा हात खिडकीवर होता."

"धुतला होता, मावशी!"

"कुठे? नळ तर सकाळपासून गोठलाय."

"अर्ध्या वाटेतून परत फिरायचं? तुम्हीच ना अपशकुन म्हणता? तिकडे पुसू."

मावशी जन्मभर तसेच मानत आल्या होत्या. त्यांनी हट्ट सोडला.

मॉस्कोत लोक खोळंबले होते. त्यांनी मला घाईघाईने यंत्राच्या नळीला जोडले. आता खिडकी पुसायची तर सगळे उघडावे लागणार, म्हणजे दिवस गेला. रोदिओनने मावशींकडे पाहिले. त्या हातमोजे चाचपत राहिल्या.

मी पेटलो. वायू तापला, काटा चढला, लोक ओरडले. माझ्या आयुष्यातले तेवढेच सुख. दुसऱ्या, लांबलेल्या खेपेला हाताचा तो तेलकट डाग लहरींनी तापला, तिथेच खिडकी तडकली आणि माझ्या पोटात हवा शिरली.

"चिनीमातीच कच्ची असेल," कुणीतरी म्हणाले.

"खिडकी चांगली होती," मावशी म्हणाल्या. "मी हात पाहिला आणि गप्प बसले. दोनदा. लिही नोंदवहीत."

"माझंच नाव लिहितो, मावशी. हात माझा होता."

"दोघांची लिही. आणि हेरिंगचंही."

आता मी कार्यशाळेच्या कोपऱ्यात उभा आहे. लोक माझ्यावर कोट टांगतात. मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. नाजूक वस्तूला लागलेला हात दिसला तर तेवढे बोला, इतकीच विनवणी.

इथले लोक आजही निघण्यापूर्वी मिनिटभर बसतात, हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून. गेल्या हिवाळ्यात एक नवा जायरोट्रॉन निघाला होता, तेव्हा एका बाईने ते मिनिट मोडले. "थांबा! खिडकीचं टोपण उघडं आहे."

सगळे उठले. तो जायरोट्रॉन अजून पेटतो आहे.