कानाने केलेली कॉफी

तिने हातातला छोटा ग्राइंडर टॉवेलात गुंडाळला, पोटाशी घट्ट धरला आणि दांडा फिरवायला घेतला. टॉवेल ठकीसाठी होता. सात महिन्यांची ठकी पलीकडच्या खोलीत आत्ता कुठे झोपली होती.

"टॉवेल काढ," सासरे म्हणाले. ते ओट्याला लागून स्टुलावर बसले होते. "ऐकू कसं येणार?"

"उठेल ती, बाबा."

"उठली तर मी आहे ना. खडखड संपून सुरसुर सुरू झाली की थांबायचं. त्यापुढे गेलीस की कडू झालीच म्हणून समज."

तिने टॉवेल काढला. दांडा फिरता फिरता हलका झाला, आवाज बारीक झाला आणि ती थांबली. सासऱ्यांनी मान हलवली. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. रात्री चारदा उठून झालेलं होतं आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ती कॉफी मोबाइलमध्ये बघून करायची, ठकीची पेज मोजायच्या काट्यावर पूड तोलून. तरी नवरा एक घोट घेऊन म्हणायचा, गरम आहे हे मात्र खरं. मग सासरे राहायला आले. कॉफी भाजून विकणाऱ्या दुकानात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. काटा बघून ते हसले होते. "ही काय औषधाची मात्रा आहे?"

तेव्हापासून रोज सकाळी नवरा कामावर गेला की हा वर्ग भरायचा. कॉफी खरं तर निमित्त होतं. सोमवारी तिची रजा संपत होती आणि पोर या माणसाच्या हाती सोपवून जायचं होतं. ते हात तिला जवळून बघायचे होते. पाळणाघराचा फॉर्म भरून कपाटाच्या खणात ठेवलेला होता, फक्त सही राहिली होती. त्याबद्दल ती घरात कुणाला बोलली नव्हती.

आजवर सासऱ्यांमध्ये खोट काढायला जागा सापडली नव्हती. ते घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने ठकीचं लंगोट उघडून बघत. दुधाची बाटली उजेडात धरून तिरकी करत. फ्रिजमधल्या प्रत्येक भांड्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी असे. आपल्याहून काळजी करणारं कुणी घरात आहे, हे बघून तिला जरा हसूही आलं होतं.

तिने एका शेगडीवर पाण्याची किटली ठेवली, दुसरीवर बारीक आचेवर दूध.

"आता बोलू नकोस. पाणी आधी कुजबुजतं, मग गलका करतं, मग एकदम गप्प होतं. गप्प झालं की बंद."

आतून ठकी रडली. सासरे उठायला लागले, पण ती सवयीने आधीच दारात पोचली होती. लंगोट ओलं होतं. ते बदलून, पोरीला कडेवर घेऊन ती परत निघाली आणि मधल्या बोळातच तिच्या नाकात करपल्याचा वास गेला.

सासरे वाकले होते, कान किटलीकडे लावून. हातभर अंतरावर दुधाचं भांडं होतं. कडेला तपकिरी गोल उठला होता आणि त्यातून बारीकसा धूर वर जात होता. त्यांची पाठ तिकडे होती.

त्यांनी किटलीखालची आच बंद केली.

"बघ, नेमकी वेळ साधली. दूधही तापलं असेल, घे."

तिने दुसरी शेगडी बंद केली. खिडकी उघडली. सासऱ्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग भांड्याकडे, आणि मग ते हळूच स्टुलावर बसले.

मागच्या आठवड्यात तिने बियांची नवी पिशवी फोडून त्यांच्या नाकाशी धरली होती. त्यांनी आत बोटं घातली, एक बी उचलून कानाशी नेली आणि तिथे चिमटीत फोडली. ताजी आहे, म्हणाले. खरा जाणकार, असं तिने त्या रात्री नवऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मागच्या थंडीत ताप आला होता ना. वाटलं, वास येईल परत." ते तळहात चोळत राहिले. "चवही गेली त्याच्याबरोबर. गरम कळतं, कडू कळतं. बाकी नाही."

"तुमच्या मुलाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. चौतीस वर्षं नाकावर पोट भरलं, कोणत्या तोंडाने सांगू?" ते ठकीकडे बघून म्हणाले, "आणि सांगितलं असतं, तर हिला माझ्याकडे ठेवली असतीस?"

ठकी तिच्या गळ्यातली साखळी ओढत होती. फ्रिजच्या दारावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, शेजारी दोरीने बांधलेली पेन्सिल. ती त्या पेन्सिलीकडे बघत राहिली.

"सोमवारपासून गॅस खालूनच बंद करून जाईन मी," ती म्हणाली. "हिचं दूध थर्मासमध्ये असेल. तुमची कॉफीपण."

"थर्मासमधली कॉफी." त्यांनी तोंड वाकडं केलं. "शिक्षाच आहे ही."

"शिक्षाच आहे. आणि संध्याकाळी तुमच्या मुलाला तुम्ही स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. तिने ठकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते सावरून बसले, दोन्ही हात पोरीभोवती घेऊन.

करपलेलं भांडं तिने पाण्याखाली सोडलं. पुडीवर आधी थोडं पाणी घातलं, ती फुगून वर येईपर्यंत थांबली, मग बाकीचं ओतलं. दोन कप कोऱ्या कॉफीचे भरले. त्यांचा ठकीच्या हाताला लागणार नाही असा लांब ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

पंधरा दिवस हा प्रश्न तिचा होता आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, जमतंय. तिने एक घोट घेतला. छान, असं ओठांवर आलं होतं. ती थांबली, दुसरा घोट घेऊन तोंडात घोळवला.

"आधी थोडी आंबट लागते," ती म्हणाली. "मग भाजलेल्या बदामासारखं काहीतरी."

सासऱ्यांनी डोळे मिटले.

"आणि गिळल्यावर?"