रंग गेलेलं पाणी

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब पोचत नाही. एक गोष्ट सांगतो. पाण्याची आहे आणि माझ्या चुकीची आहे. दुसऱ्याची चूक सांगताना माणसाला कंठ फुटतो, स्वतःची सांगताना घसा बसतो. तरी सांगतो, कारण सांगितल्यावाचून मला देवापुढे नीट हात जोडता येत नाहीत.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं रंगमास्तर होतो. आम्ही डोळ्यांवर जगणारी माणसं. लाल कुठे विटकरीकडे झुकतो आणि कुठे जांभळ्याकडे, ते मी दारातून सांगायचो. कारखान्याचं उरलंसुरलं पाणी मागच्या ओढ्यात जायचं, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला माझ्या थोरल्या बहिणीची रोपांची नर्सरी होती. मेव्हणे गेल्यावर ताईने ती एकटीने उभी केली. गुलाब, मोगरा, लिंबोणीची कलमं. बावीस वर्षांचा संसारच तो, फक्त पिशव्यांतून मांडलेला.

ओढा दारातून वाहायचा, पण ताई त्यातला थेंब घ्यायची नाही. लांबच्या विहिरीवरून नळी ओढून आणायची. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, मग डोक्यावरून घागरी. मी गेलो की म्हणायची, "आलास? काल निळ्याचा लॉट काढलास ना? आमच्या बेडकांचे पाय निळे झालेत."

"बेडूक काय तक्रार घेऊन आला होता का तुझ्याकडे?"

"आला होता. म्हणाला, तुझ्या भावाला सांग, पुढच्या वेळी पिवळा सोड, मला उठून दिसेल."

हसायचो दोघं. पण परत येताना मला ओढ्याकडे बघवत नसे.

मग आमच्या मोठ्या साहेबांनी मनावर घेतलं. म्हणाले, "मास्तर, आपल्यामुळे होणारी घाण कमी करायची. ओढ्यात रंगीत पाणी दिसता कामा नये." साहेब मनापासून बोलत होते, हे मी शपथेवर सांगेन. नवे हौद बांधले. रंगीत पाण्यात चुना, तुरटी आणि आणखी दोन औषधं घालायची, ढवळायचं, रंगाचा गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी सोडायचं. आठ महिने मी त्या हौदांशी झटलो. शेवटी एक दिवस काचेची बरणी भरली, मागे वर्तमानपत्र धरलं, तर बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ती बरणी माझ्या टेबलावर ठेवली.

हौदांवर एक म्हातारे कामगार होते. पाण्यात करंगळी बुडवून जिभेला लावायची खोड, म्हणून सगळे त्यांना वैद्य म्हणत. ते माझ्याकडे आले.

"मास्तर, रंग गेला. मीठ आहे तिथंच आहे."

"तुम्ही नाडी बघितलीत वाटतं पाण्याची?" मी म्हणालो. सगळे हसले.

"हसा बापडे. पण किलोभर गडद कापडाला पाऊण किलो मीठ आपणच टाकतो ना? ते जाणार कुठं? वर आपण तुरटी ओतली."

मला हे ठाऊक नव्हतं का? मिठावाचून रंग सुताला धरत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. तपासणीच्या कागदावर मिठाचा आकडाही होता. मी तो वाचला आणि 'पुढच्या वर्षी बघू' असं समासात लिहिलं. कागद मिटला, तसा आकडाही मनातून मिटला. समोर नितळ बरणी होती ना! रंगाऱ्याला रंग दिसला नाही की त्याच्या लेखी पाणी शुद्ध.

त्या रविवारी मी बरणी घेऊन ताईकडे गेलो. तिने ती उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"हे तुमच्या कारखान्याचं?"

"आमचंच. आता नळी ओढू नकोस. दारातलं पाणी घाल."

"नक्की ना रे?"

"ताई, अगं इतकी वर्षं रंग ओळखतोय मी. डोळे झाकून घाल."

विहीर तेव्हा आटत आली होती. ताईने दुसऱ्या दिवशी ओढ्यात पंप सोडला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "रोपांची पानं कडेनं करपायला लागलीत. ऊन जास्त आहे म्हणून मी दोन्ही वेळा पाणी घालतेय, तरी तहानल्यासारखीच दिसतात. तू एकदा येऊन जा."

गेलो. गुलाबांची पानं कडेला तपकिरी, मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच गळालेल्या. पिशव्यांच्या तोंडाशी, मातीवर पांढरी कड धरलेली. मी ती नखाने खरवडली आणि जिभेला लावली. वैद्यांसारखी. मग तिथेच खाली बसलो.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"मीठ."

हातातली झारी तिने हळूच जमिनीवर ठेवली. कितीतरी दिवस जितकी रोपं कोमेजत होती तितकं ती जास्त पाजत होती. आता तिला ते सगळं एकदम कळलं.

मी म्हणालो, "ताई, शिव्या घाल मला."

"शिव्या कशाला?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आधी एका रोपाला घालून पाहिलं असतं. तू सांगितलंस, म्हणून सगळ्यांना घातलं."

याहून शिव्या परवडल्या असत्या हो.

आम्ही विहिरीचं पाणी आणून माती धुऊन पाहिली, पण विहिरीत होतंच किती! पिशव्यांतली रोपं गेली. मग जमिनीतल्या चार जुन्या लिंबोण्या गेल्या, ज्यांच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन ती बावीस वर्षं कलमं बांधत आली होती. मेव्हण्यांनी लावलेल्या होत्या त्या.

मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि समासातली ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "रंग दिसत होता तोवर लोक सावध होते. आपण पाणी सुधारलं नाही मास्तर, इशारा तेवढा पुसला." त्या दिवसापासून काम खरं सुरू झालं. थोड्या पाण्यात रंगवणारी यंत्रं आली, कमी मीठ मागणारे रंग आले. खारं पाणी गाळून, आटवून तेच मीठ पुन्हा रंगाच्या हौदात जाऊ लागलं. वैद्यांना मी हात जोडले आणि मिठाची रोजची तपासणी त्यांच्याकडे सोपवली. दोन वर्षांनी ओढ्याकडचं तोंड आम्ही कायमचं बुजवलं. आता दुरून लोक बघायला येतात. कारखान्याने हे कसं साधलं, ते मी कामावर होतो तोवर त्यांना मीच समजावून सांगत असे.

पण ताईची जमीन त्या दोन वर्षांची वाट बघू शकली नाही. ती लेकीकडे राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर. मी भेटायला जायचो. ती चहा करायची, माझी खुशाली विचारायची, कारखान्यात आता कसं चाललंय तेही विचारायची. खिडकीत एकही कुंडी नव्हती. एकदा मी गुलाबाचं रोप नेलं. तिने पानांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शेजारणीला देऊन टाक रे. मला आता पाणी घालायची भीती वाटते." मागच्या वर्षी ती गेली.

पाहुण्यांना यंत्रं दाखवताना मी तिच्याविषयी एकदाही बोललो नाही. जीभ रेटली नाही. म्हणून आज तुम्हाला जवळ बोलावलं. आमच्या कारखान्याचं कौतुक कधी तुमच्या कानावर आलं, तर मनापासून करा. माणसांनी कष्ट केले आहेत. पण तेव्हा माझ्या ताईची आठवण काढा. भावाच्या शब्दावर तिने सगळ्या बागेला ते पाणी पाजलं होतं.