टबातलं तांबडं पाणी

"बघा, निघाली घाण!" पाणीगुरुजी ओरडले आणि हॉलमधले तीस-चाळीस आईबाप टबाभोवती गोळा झाले. गुरुजींनी मशीन बंद करून लेकीच्या पायांवरचा टॉवेल बाजूला केला. दहा मिनिटांपूर्वीचं स्वच्छ पाणी तांबडं, गढूळ झालं होतं! कुणी मोबाइल काढले, कुणी हात जोडले. टबात पाय सोडून बसली होती ती माझी आठ वर्षांची लेक. झोपेत अंथरूण ओलं करते, म्हणून मीच तिला इथे आणत होतो.

"हा पोटातला हट्ट, तळपायांतून उतरतोय," गुरुजी म्हणाले. पहिल्याच बैठकीत त्यांनी बजावलं होतं, "हा आजार नव्हे, हट्टच! अकरा बैठका करा. दुपारनंतर पाणी बंद. ओली चादर चारचौघांत वाळत घाला. लाज वाटली की सवय सुटते."

मी घातली हो! तीन आठवडे, रोज सकाळी, रस्त्यावरून दिसेल अशी. लेक मान खाली घालून शाळेत जायची. बायको म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवू या." मी खेकसायचो, "तुला काय कळतंय?"

ही चौथी बैठक. बाहेर चपला घालताना लेक हळूच म्हणाली, "बाबा, रागावणार नाही ना?"

"बोल."

"आज मी पाय पाण्यात ठेवलेच नव्हते. मुंग्या येतात. टॉवेलखाली वर घेऊन बसले, शेवटी परत सोडले. तरी घाण निघाली. ती कुणाची?"

माझे कान तापले. मी प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला आहे. नळाच्या तोट्यांना चकाकी चढवतो. मिठाच्या पाण्यात लोखंड बुडवून वीज सोडली की ते झिजतं आणि पाणी तांबडं होतं, हे नव्या कामगारांना अठरा वर्षं मीच शिकवतोय. गुरुजींच्या टबात तेच होतं. 'शुद्धीचं' मीठ, तळाशी लोखंडी गुंडाळी, तिला वायर. निघत होता तो गंज! आणि मी शहाणा चार वेळा हात जोडून उभा!

तसाच आत गेलो. "गुरुजी, नवं पाणी घ्या, मीठ टाका, मशीन लावा. पाय मात्र कुणाचेच नकोत."

"श्रद्धा नसेल तर—"

"श्रद्धा राहू द्या. दहा मिनिटं द्या."

आईबाप अडून बसले, तेव्हा नाइलाजाने मशीन लागलं. पाणी तांबडं झालं. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे टबच हट्टी निघाला की!" दोघं-तिघं हसले. बाकीचे माझ्यासारखेच खाली बघत होते. गुरुजी वायर गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लेकीचं पोट तपासलं, दोन प्रश्न विचारले. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, म्हणून पोरगी दिवसभर दाबून धरायची. आतडं गच्च भरून मूत्राशयावर दाब यायचा. पाणी तोडून आम्ही बद्धकोष्ठता आणखी वाढवली होती.

"अहो, झोपेत तिला कळतसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "हट्ट कसला करेल?"

घरी येऊन मी लेकीची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "बाबा, चादर आता आत वाळत घालायची ना?" मला तिच्याकडे बघवेना.

मंडळी, मुलाचं काही बिनसलं तर आधी त्याला मायेने विचारा, मग डॉक्टरांकडे न्या. कुणी यंत्राचा चमत्कार दाखवला, तर ते माणसाशिवाय चालवून बघा. मला हे सगळं येत होतं, तरी मी केलं नाही. तीन आठवडे त्या रस्त्यावरून मान खाली घालून जायला हवं होतं ते मी.