वरची साय

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भातकुलीत सहा वर्षांच्या खुशीला अपस्माराचा झटका आला. तो अकरा मिनिटं टिकला. तिचे वडील योगेश शेवंती घेऊन बाजारात गेले होते. आजी मनकर्णाबाईंनी तिला शेजाऱ्याच्या जीपमधून अमरावतीच्या इस्पितळात नेलं.

त्याआधी पाच महिने झटके बंद होते. तिचं औषध तेलात विरघळणारं आहे. तेल पाण्यात धरून ठेवायला सहसा वापरतात त्या रसायनाने तिला जुलाब होत. अकोल्याच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक जुईलीने त्याऐवजी तांदळाच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण वापरले. ते तेलाच्या थेंबाभोवती कवच धरतात आणि पोटाला बाधत नाहीत. या औषधाच्या चाचणीत नऊ मुलं होती.

नवी खेप तीन आठवड्यांपूर्वी दिली. तेल आणि पाणी वेगळं झालं नाही ना, हे कळायला दर सोमवारी जुईली फोनवर विचारी, "आजी, औषध फुटलं नाही ना?"

"नाई वं माय. बाटली जशीच्या तशी आहे."

जुईली वहीत 'स्थिर' लिही.

बुधवारी इस्पितळात तिने ती बाटली उजेडात धरली. आत पातळ, निळसर पाणी होतं.

"आजी, वरचं पांढरं कुठंय?"

"साय? ते काढतो मी रोज. लेकराच्या पोटाले जड जाते ना."

"हलवून द्या, असं लिहिलं होतं."

"मंग? साय काढली का हलवतच होतो. फेकली बी नाई. तिच्या टाळूले चोळली."

"आईले दूध अन् औषध एकच," योगेश म्हणाला.

"तू होता का घरी पाजाले?"

औषध फुटलं नव्हतं. थेंब शाबूत होते. या खेपेचं मिश्रण कमी वेळ घुसळलं गेलं, थेंब मोठे राहिले आणि वर चढले. औषध त्या सायीतच होतं. जुईलीने हे सांगितलं, घुसळण्यातली चूक आपली, हेही सांगितलं.

मनकर्णाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे तीन हप्ते मी तिले पाणीच पाजलं?"



गुरुवारी जुईलीने चाचणीतल्या उरलेल्या आठ घरी फोन केले. दोन घरांत साय काढली जात होती. तिथली दोन्ही मुलं ठीक आहेत.

झटक्यापासून खुशी निपचित पडून होती; शनिवारी दुपारी तीन वाजता तिने पहिल्यांदा डावा हात हलवला. उजवा अजून हललेला नाही.