चौदा क्रमांकाचा बिल्ला

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी चौदा क्रमांकाचं वासरू हललं. वीस मिनिटं हलत राहिलं. ते मरून नऊ दिवस झाले होते.

मृत्यूची नोंद श्रीविद्यानेच केली होती. कुंभकोणमच्या आसपासच्या साठ वासरांच्या कानांत तिने हालचाल टिपणारे बिल्ले बसवले होते. मरणाआधी दोन दिवस वासराची हालचाल मंदावते, हा तिच्या पीएच.डी.चा निष्कर्ष. शुक्रवारी तो समितीपुढे मांडायचा होता. मेलेलं वासरू हलत असेल, तर बिल्ले बिनभरवशाचे आणि तीन वर्षं वाया.

"कारण शोध," मार्गदर्शक डॉ. पद्मनाभ फोनवर म्हणाले. "नाहीतर शुक्रवारी येऊ नकोस."

दुपारी चार वाजता ती चोळपुरमला, वासराचे मालक तुकोजी यांच्या गोठ्यात पोचली. ते दूध काढत होते. गाईपुढे वासरू उभं होतं, चार काठ्यांवर. गाय पान्हावावी म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरलेला, डोळ्यांच्या जागी टाके. गाय त्याचा कान चाटत होती. कानात बिल्ला हलत होता.

"बिल्ला का नाही काढलात, मामा?"

"तुम्हीच म्हणालात, अभ्यास संपेपर्यंत काढायचा नाही. सहीसुद्धा घेतलीत." तुकोजींनी मान वर केली नाही. "आणि ते तमिळमध्ये नाही, आपल्या मराठीत सांगितलंत. घरच्या भाषेत दिलेला शब्द आम्ही मोडत नाही, डॉक्टरीणबाई."

"अजून कुठे झाले डॉक्टर?"

"मग आणखी किती वासरं लागतील?"

तिने बिल्ला कापून घेतला. गाईने कान हुंगला आणि तोंड फिरवलं. दूध थांबलं.

दूध काढण्याच्या वेळा नोंदींशी तंतोतंत जुळल्या. श्रीविद्याने घरी येऊन कारण लिहून काढलं. बिल्ला चालूच ठेवून तिने लोखंडी कपाटात बंद केला. आता तो गप्प राहिला की समितीला पुरावा मिळणार होता. बुधवारभर तो गप्प होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता तुकोजींचा फोन आला.

"गाय आज परत पान्हावली."

"म्हणजे पेंढ्याच्या वासराला बिल्ल्याशिवायही चाटतेय?"

"ते काल संध्याकाळी जाळलं, बाई. पुढ्यात काहीच नव्हतं. तरी चाटत होती."

श्रीविद्याने संगणक उघडला. चौदा क्रमांक. आज पहाटे, पाच चाळीस ते सहा. हालचाल.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली तिच्याकडेच होती.

गुरुवारी दुपारपर्यंत तिने ते उघडलेलं नव्हतं. डॉ. पद्मनाभ यांचे दोन फोन येऊन गेले होते.