हात बधिर झाले त्या दिवशी

आमच्या घरात तापाला कुणी आजार म्हणायचंच नाही. जरा गारठा लागला, की अंगावर लाल चट्टे, डोळ्यांची चुरचुर, गुडघे आणि मनगटं धरलेली, आणि संध्याकाळी कणकण. बाबांना, मला आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला. तिघं ओळीने पांघरूण घेऊन आडवे व्हायचो. बाबा विचारायचे, "काय गं, आला का तुझा?" मी म्हणायची, "वाटेत आहे." लग्न झाल्यावर नवऱ्याने विचारलं, हे असं नेहमीचंच? तेव्हा मी त्यालाच वेड्यात काढलं होतं. अंग सगळ्यांचंच दुखतं, लोक बोलत नाहीत एवढंच, असं मला खरंच वाटायचं.

मग एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की हा दोष पिढीजात आहे. बाहेरून कुठला जंतू न येताच शरीर उगाच चवताळून उठतं. त्यावर इंजेक्शन आहे. बाबा म्हणाले, "सत्तर वर्षं काढली, आता कशाला टोचून घेऊ?" राहता राहिली लेक. तिला द्यायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं. मी म्हटलं, आधी मला टोचा. काही बरंवाईट व्हायचं ते माझं होऊ दे.

मी पुस्तकं बांधते. छापील पानांचे फर्मे शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. सगळं या दहा बोटांवर. इंजेक्शननंतर तिसऱ्या सकाळी दुकान उघडलं, सुईत दोरा ओवला आणि थबकले. हात जाणवतच नव्हते. मनगट नाही, पेरं नाहीत, काही नाही. दोन फर्मे शिवून पाहिले. टाके सरळ पडले, पण शिवतंय कोण तेच कळेना. झालं! बधिर झाले हात.

माझं डोकंच फिरलं. खळीचं भांडं तसंच उघडं टाकून तडक दवाखाना गाठला.

"मेले माझे हात!" मी दारातूनच ओरडले. "आणि लेकीला मी हे मुळीच टोचू देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

डॉक्टरबाईंनी मला बसवलं, डोळे मिटायला लावले. बोटांवरून कापूस फिरवला. "कुठे?"

"करंगळीला."

टाचणी टोचली. "आई गं! अंगठ्याला."

मग गार चमचा, कोमट चमचा. सगळं बरोबर ओळखलं, तरी मी आपली हट्टाला पेटलेली. "मग हात जाणवत का नाहीत?"

"दुखत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "बाकी काही झालेलं नाही."

मी मुठी मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या. बाप रे. चाळीस वर्षांची घोडी मी, आणि स्वतःचे हात मला माहीतच नव्हते.

"लोकांचे हात असे असतात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आणि तरी सकाळी उठून तोंडं वाकडी करतात?"

त्या हसायला लागल्या आणि मी रडायला. खिडकीतून रस्ता दिसत होता. एक बाई कडेवर मूल आणि हातात दोन पिशव्या घेऊन भराभर चालली होती. एक म्हातारा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि कशाचाही आधार न घेता उभा राहिला. केवढी ही गोष्ट! आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं. मी आ वासून बघत राहिले. मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "लेकीचं कधी करताय?"

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "थापा मारू नकोस."

लेकीला टोचलं त्यालाही चार दिवस झाले. सकाळी चांगलाच गारठा होता. बाबा आणि मी तिला शाळेत सोडायला गेलो. एरवी अशा दिवशी ती माझं बोट धरून एकेक पायरी चढते, मध्ये थांबते. त्या दिवशी फाटकातच तिने हात सोडवून घेतला आणि धावत सुटली. धाडधाड सगळ्या पायऱ्या वर. वर पोचल्यावर मैत्रिणीची वेणी ओढली आणि खिदळत आत गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. अगं, बघ तरी, असं ओरडावंसं वाटलं मला. पण बघ म्हणजे काय बघ? तिला त्यात नवल वाटतच नव्हतं.

बाबा रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होते.

"माझी आई," ते म्हणाले, "अर्ध्या जिन्यात बसून राहायची. आम्ही सगळे तिला आळशी म्हणायचो गं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी रुमालाने नाक पुसलं.

"तुझ्या त्या डॉक्टरबाई," ते म्हणाले, "किती वाजता येतात?"